शेजारणीने दिलेलं हिरवं फळ आणि तीन करमळं

पत्र:

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांपूर्वी एक आसामी जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरी करतात, त्यामुळे येता-जाता हसण्यापलीकडे ओळख नव्हती. गेल्या आठवड्यात ती गावाहून परत आली आणि संध्याकाळी दार वाजवून माझ्या हातात एक पिशवी दिली. आत दोन मोठी हिरवी फळं. ‘घर के पीछे पेड़ है, वहीं का है,’ म्हणाली. माझा कुकर चढवलेला, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ झालेली. तिने विचारलं, ‘आपको पता है ना, ये क्या है?’ आणि का कोण जाणे, मी म्हणाले, ‘हाँ हाँ, हमारे यहाँ भी मिलता है.’

फळ मोठ्या मोसंबीहून मोठं, हाताला जड आणि कडक आहे. वरून कोबीसारखी एकावर एक चढलेली जाड पानं, पण ती सुटत नाहीत. वास जवळजवळ नाहीच. फोनवर फोटो टाकून शोधलं तर ‘एलिफंट ॲपल’ असं नाव आलं. त्या नावाने पुढे शोधलं तर कवठाचे फोटो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी संगमेश्वरकडच्या. त्या म्हणाल्या, ‘करमळ आहे ताई, आमच्या रानात असतं.’ मग करमळ शोधलं, तर पिवळं, चांदणीच्या आकाराच्या चकत्यांचं स्टारफ्रूट दिसलं आणि त्याखालीच इशारा, की किडनीच्या रुग्णांनी हे अजिबात खाऊ नये. माझ्या सासऱ्यांना किडनीचा आजार आहे, दोन वर्षं पथ्यावर आहेत. माझ्या हातापायातलं बळच गेलं. नवरा म्हणतो, टाकून दे. फळं अजून फ्रिजमध्ये आहेत. काल ती लिफ्टमध्ये भेटली, म्हणाली, ‘कैसा लगा?’ मी ‘बहुत अच्छा’ म्हणून मोकळी झाले. हे फळ आहे तरी कोणतं? आणि आता तिला काय सांगू?

— एक वाचक, मुलुंड

उत्तर:

ताई, आधी मनावरचं ओझं उतरवते. फळं टाकू नका. तुम्ही केलेलं वर्णन आणि सोबत पाठवलेले फोटो पाहता हे थोरलं करमळ आहे. आसामीत त्याला औ-टेंगा म्हणतात, बंगालीत चालता. विषारी नाही, स्टारफ्रूट नाही आणि कवठही नाही. आसाम-बंगालच्या स्वयंपाकघरात रोजच्या वापरातलं, आपल्या आमसुलाच्या जागी उभं राहणारं फळ आहे. सासऱ्यांना मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक फोडही देऊ नका. त्याचं कारण पुढे येईलच.

फोटोवरून मी खात्रीने बोलत असले तरी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून घ्यावं असं मला वाटतं. त्यासाठी चव घ्यायची गरज नाही, एक सुरी पुरे. एक फळ आडवं धरून बरोबर मधोमध कापा. सुरी जपून चालवा, वरचा थर कडक आणि गुळगुळीत असतो. करमळ असेल तर बाहेरच्या बाजूला जाड, पांढरट-हिरवे पाच थर एकमेकांवर चढलेले दिसतील, कांद्यासारखे, पण कांद्याहून कितीतरी जाड. त्यांच्या आत बैलगाडीच्या चाकासारखं एक वर्तुळ, त्यात आऱ्यांसारखे कप्पे. कप्प्यांमध्ये पारदर्शक, बुळबुळीत चीक आणि त्यात चिमुकल्या बिया, ज्यांच्या कडेला बारीक लव असते. बोटाला तो चीक लागला की साध्या पाण्याने लवकर जात नाही. एवढं सगळं दिसलं तर शंका उरत नाही. असं दुसरं फळ तुम्हाला मुंबईच्या कुठल्याही मंडईत दिसणार नाही.

ते पाच थर म्हणजे फळाची साल नव्हे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते फळ हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. वांग्याच्या देठाजवळ हिरवी टोपी असते ना, ती मुळात फुलाची असते. कळी मिटलेली असताना तिला झाकणारी दलं. बहुतेक झाडांत ती फूल उमलल्यावर वाळतात, गळतात किंवा वांग्यासारखी देठाशी चिकटून राहतात. करमळात उलटं घडतं. पावसाळ्यात या झाडाला वीतभर रुंदीचं पांढरंशुभ्र फूल येतं, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. पाकळ्या झडल्या की ती पाच हिरवी दलं पुन्हा मिटतात, मूठ आवळावी तशी, आणि आतल्या कोवळ्या फळाला कवटाळून जाडजूड होत जातात. आपण खातो ती ही मूठ. खरं फळ आतलं, चिकाचं, ते बहुधा काढूनच टाकतात. कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये, कारण काजूचं बोंडही खरं फळ नसून फुगलेला देठच आहे.

लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या झाडाला डिलेनिया हे नाव दिलं, ऑक्सफर्डमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डिलेनियस या जर्मन मित्राच्या सन्मानार्थ. 1737 साली त्याने त्यामागचं कारणही लिहून ठेवलं: झाडांमध्ये या झाडाचं फूल आणि फळ जसं उठून दिसतं, तसा वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये डिलेनियस. तेव्हा तुमच्या फ्रिजमधलं फळ अगदीच साधंसुधं नाही.

आता नावांचा गुंता. तुमचा जीव याच गुंत्याने घाबरा झाला, आणि त्यात तुमच्या मावशी अजिबात चुकलेल्या नाहीत. मराठीत करमळ हे नाव किमान तीन झाडांना आहे.

पहिलं हे तुमच्या हातातलं, थोरलं करमळ. ते आसामपुरतंच नाही, सह्याद्रीतल्या ओढ्याकाठीही आढळतं, काही जण बागेत शोभेसाठीही लावतात. संस्कृतात त्याचं नाव भव्य, आणि झाड पाहिल्यावर ते पटतं.

दुसरं त्याचंच धाकटं भावंड, नुसतं करमळ. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेलात तर ते भेटेल. त्याची पानं हातभर लांब, कडेला दाते, आणि शिरा इतक्या सरळ आणि समांतर की कुणी पट्टी लावून आखल्यासारख्या. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळी पानं झडतात आणि उघड्या फांद्यांवर पिवळ्या फुलांचे घोस लागतात. त्याचं फळ मात्र बोराएवढं. मावशींनी ‘आमच्या रानात असतं’ म्हटलं ते यांपैकी कुठलं, हे त्यांना एकदा नीट विचारा. फळ केवढं, फूल पांढरं की पिवळं, एवढं विचारलं की उलगडा होईल. रानातल्या झाडांची अशी माहिती असलेली माणसं आपल्या घरात रोज येतात आणि आपण त्यांना ‘भांडी झाली का?’ यापलीकडे काही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरं करमळ म्हणजे तुम्हाला फोनवर दिसलं ते. करमर, कर्मरंग, कमरख, करंबळ अशी त्याची कितीतरी नावं. शाळेबाहेरच्या गाड्यावर चिंचा, आवळे, बोरं यांच्या शेजारी तिखट-मीठ लावून मिळतं ते पाच धारांचं फळ. त्याचं झाड वेगळं, कूळ वेगळं, देशही वेगळा; ते मूळचं आग्नेय आशियातलं. पोर्तुगीज भाषेतला ‘कारांबोला’ हा शब्द बहुधा आपल्याच ‘करंबळ’वरून गेला असं इंग्रजी शब्दकोश मानतात. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा एक शब्द जगभर फिरला, पण घरी तो अजून तीन झाडांमध्ये वाटलेला आहे. दोन्ही फळं आंबट, दोन्हींत पाचाचा हिशोब. एकात पाच धारा, दुसऱ्यात पाच दलं. जुन्या माणसांनी एकच नाव का दिलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. कदाचित आंबटपणामुळे, कदाचित दोन्ही फळं आमटीत पडत असल्यामुळे.

‘एलिफंट ॲपल’चीही तीच गत. करमळाला ते नाव पडलं कारण जंगलात हत्ती ही फळं आवडीने खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. पण जुन्या इंग्रजी पुस्तकांत कवठालाही हेच नाव आहे. गणपतीच्या श्लोकातलं कपित्थ म्हणजे कवठच, त्यामुळे हत्तीशी त्याचं नातं आपल्याला तसं ओळखीचं. पण कवठ तुम्ही महाशिवरात्रीला चटणीसाठी फोडलंच असणार: खडबडीत, राखाडी, लाकडासारखी करवंटी आणि आत तपकिरी गर. तुमच्या हिरव्या, गुळगुळीत, थरांच्या फळाशी त्याचं काही साम्य नाही. नावावरून नाव शोधत गेलात की असं होतं. दर वेळी आपण फळापासून एक पाऊल लांब जातो.

म्हणून पुढच्या वेळी कुठलंही अनोळखी फळ आलं तर फोटो एक नको, चार हवेत. अख्खं फळ, आडवं कापलेलं, देठाची बाजू, आणि मिळालं तर पान. शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. फोनला आणि माणसालाही वरून हिरवा गोळा दाखवला तर दोघंही अंदाजच करणार. झेवियर्स महाविद्यालयात ब्लाटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. अशा संग्रहांत झाडाची पानाफुलांसकट फांदी वाळवून, दाबून कागदावर लावून ठेवतात. ओळख पटवायला फूल आणि पान हवंच, नुसतं फळ बऱ्याचदा पुरत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. तुमच्या शेजारणीने पिशवीत एखादं पान टाकलं असतं तर तुमचा अर्धा घोर वाचला असता.

सासऱ्यांबद्दल. तुम्ही घाबरलात ते योग्यच होतं, आणि त्या भीतीपोटी फळ न देता थांबलात, हे उत्तम केलंत. स्टारफ्रूटबद्दलचा इशारा शंभर टक्के खरा आहे आणि तो मुंबईतल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवा, कारण ते फळ गाड्यावर सहज मिळतं. त्यात कॅरंबॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. ते मेंदूवर परिणाम करतं. 2013 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं. निरोगी माणसाची किडनी ते शरीराबाहेर टाकते. किडनी थकलेली असेल तर ते रक्तात साठत जातं. पहिलं लक्षण बहुतेक वेळा उचक्या, काही केल्या न थांबणाऱ्या. मग उलट्या, बोलण्यात गोंधळ, झटके, आणि वेळेत डायलिसिस झालं नाही तर जिवावर बेतू शकतं. शिवाय त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. उपाशीपोटी त्याचा रस पेल्याने पिऊन धडधाकट माणसांच्या किडन्या बिघडल्याच्याही नोंदी आहेत. त्याच्याच जातकुळीतली बिलिंबी, कोकणात-गोव्यात लोणच्याला आणि माशांच्या कालवणात घालतात ती, तिच्याही रसाने असं झालेलं आहे. तेव्हा तुमच्या घरात ही दोन फळं सासऱ्यांसाठी पूर्ण वर्ज्य. कुणी औषध म्हणून रस प्यायला सांगितला तरी.

थोरल्या करमळाचा या दोन्हींशी संबंध नाही. तरीही सासऱ्यांना ते देऊ नका म्हणते, कारण किडनीच्या रुग्णाच्या ताटात नवं काहीही डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच यावं. पोटॅशियम किती, पाणी किती, हे त्यांचे रिपोर्ट बघून ठरतं. विचारायला जाल तेव्हा ‘करमळ’ एवढंच सांगू नका. डॉक्टर मराठी असले तर त्यांच्याही डोळ्यांसमोर स्टारफ्रूट येईल. फोटो दाखवा आणि ‘डिलेनिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून न्या.

आणि यजमान ‘टाकून दे’ म्हणाले, त्यांच्यावरही रागावू नका. अनोळखी फळ चाखून बघायचं नाही, हा नियम मी स्वतः पाळते. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला पिवळी कण्हेर असते, तिची हिरवी टोकदार फळं, ज्यांना पोरं बिट्टी म्हणतात, ती हृदय बंद पाडू शकतात. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन मुलं रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. कोकणात काजऱ्याचं फळ पिकलं की छोट्या संत्र्यासारखं देखणं दिसतं, आणि त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं. ‘पाखरं खातात म्हणजे चालतं’ हेही खरं नाही. धनेश काजऱ्याचा गर खातो आणि त्याला काही होत नाही. चव घेऊन ओळख पटवू नका, मुलांनाही तसं करू देऊ नका. आणि कुणी चुकून खाल्लंच, तर घरगुती उपाय करत न बसता उरलेलं फळ पिशवीत घालून सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. कुठलं फळ होतं हे डॉक्टरांना कळणं अर्धी लढाई असते.

पण रानात सापडलेलं फळ आणि कुणी परसातून काढून आणलेलं फळ यात फरक आहे, ताई. दुसऱ्या फळाबरोबर एक माणूस येतं, ज्याला त्याचं नाव, चव, चिरायची रीत, सगळं ठाऊक असतं. तुमच्या घरात गेला आठवडाभर फोन विचारून झाला, मावशींना विचारून झालं, यजमानांचं मत घेऊन झालं, मला पत्र लिहून झालं. जिच्याकडे सगळी उत्तरं आहेत ती दहा पावलांवर राहते.

तुम्हाला संकोच वाटतो आहे तो ‘हाँ हाँ’ म्हणून गेलात त्याचा. मला तो फार जवळून माहीत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी फोर्टमध्ये नोकरीला होते तेव्हा केरळच्या एका सहकारी बाईंनी मला एक फळ आणून दिलं होतं, आंजिलीचक्का. फणसाच्या घराण्यातलं, मुठीएवढं, काटेरी, आत केशरी गरे. आपल्याकडे त्याला पातफणस म्हणतात. लोकलच्या गर्दीतून त्यांनी ते जपून आणलं होतं. मी घरी नेलं, काय करायचं ते कळेना, कुणाला विचारलं नाही, आणि ते चौथ्या दिवशी सडलं. त्यांनी विचारल्यावर मी ‘फार गोड होतं’ म्हणाले. त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, मग बिया भाजून खाल्ल्यास ना? खरी मजा त्यातच असते. मी गप्प झाले. त्यांना कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा त्यांनी मला काही आणून दिलं नाही. आज त्या कुठे आहेत मला माहीत नाही, आणि पातफणसाचं झाड दिसलं की मला त्यांचा तो चेहरा आठवतो. फळ सडलं याचं दुःख नाही एवढं. त्यांना आपल्या घरची, आपल्या गावची एक गोष्ट मला सांगायची होती आणि मी ‘माहीत आहे’ म्हणून ते दार लावून घेतलं.

तुमचं अजून तसं झालेलं नाही. आठवडाच झालाय. करमळ कडक फळ आहे, फ्रिजमध्ये आठवडाभरात त्याला काही होत नाही. येत्या रविवारी सकाळी तिचं दार वाजवा. तिची पिशवी परत द्यायची आहेच, आणि आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात काय घालायचं तेही सुचवते: आमसुलं, घरात असतील तर चांगली काळीभोर. हे मी उगाच म्हणत नाही. आसामात थेकेरा म्हणून एक फळ असतं, आपल्या कोकमाच्या अगदी सख्ख्या गोतातलं. त्याच्या चकत्या वाळवून ठेवतात आणि कालवणात घालतात, हुबेहूब आपण आमसूल घालतो तशा. तुमची आमसुलं नाकाशी नेताच तिला थेकेरा आठवेल, बघा. ‘टेंगा’ या शब्दाचा अर्थच आंबट. आंबटाची आवड असलेल्या घरात आंबटच न्यावं.

आणि बोलायचं काय? लांबण लावू नका. ‘त्या दिवशी गडबडीत मला माहीत आहे म्हणाले, पण मी हे फळ कधी पाहिलं नव्हतं. अजून करून पाहिलेलं नाही. कसं करायचं दाखवशील का?’ एवढंच. ती तुमच्यापेक्षा वयाने लहान असावी असं पत्रावरून वाटतं; तिला राग येणार नाही. उलट मुंबईत येऊन सहा महिने झाले, तिच्या गावच्या पदार्थाबद्दल कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. सासऱ्यांच्या आजाराचंही तिला सांगून टाका, म्हणजे पुढे कधी काही आणलं तर ती स्वतःच सांभाळेल.

ती दाखवेलच, तरी तयारी म्हणून थोडं सांगते. फळाचे बाहेरचे थर सुटे करायचे, आतला चिकाचा गड्डा बाजूला काढायचा. आसामात पूर्वी तो चीक केस धुवायला वापरत; तिच्या आजीला विचारलंत तर आठवणी निघतील. थरांच्या बोटभर लांबीच्या फोडी करून खलबत्त्यात किंवा लाटण्याने जराशा ठेचायच्या, म्हणजे रेषा मोकळ्या होतात आणि आंबटपणा डाळीत उतरतो. चिरून ठेवल्या तर काळवंडतात, म्हणून मिठाच्या पाण्यात टाका. त्या लोकांत मसुराच्या किंवा उडदाच्या पातळ डाळीत घालतात, आणि रोहूच्या कालवणात तर हमखास. मोहरीच्या तेलात मेथीदाण्याची किंवा पंचफोडणाची फोडणी, हळद, मीठ, बस. बंगाली घरांत गूळ घालून लोणचं होतं. मी स्वतः तुरीच्या डाळीच्या आमटीत घालते, चिंच-आमसूल काही न घालता, गूळ आपल्या हिशोबाने. चार माणसांना दोन थर पुरतात. पहिल्यांदा करताना एकच घाला आणि उकळी आल्यावर चव घ्या. फोडी शिजूनही थोड्या तंतुमय राहतात, शेवग्याच्या शेंगेसारख्या चोखायच्या आणि चोथा ताटात काढायचा. मुलांना आधीच सांगा, नाहीतर ‘शिजलंच नाही’ म्हणून कुरकुर होईल.

दोन्ही फळं एकदम कापू नका. पडताळणीसाठी एक, आणि दुसरं अख्खं तिच्या घरी घेऊन जा. तिच्या ओट्यावर तिच्या हाताने कापलेलं बघा. मावशी त्या दिवशी कामावर असतील तर त्यांनाही बोलवा. संगमेश्वरचं करमळ आणि आसामचं औ-टेंगा एकच की वेगवेगळं, ते त्या दोघींना एका नजरेत कळेल, आणि मला त्याचं उत्तर जरूर कळवा. घरी आमटी कराल तेव्हा सासऱ्यांची वाटी करमळ घालायच्या आधीच बाजूला काढून ठेवा.